कुणाचं डावं, कुणाचं उजवं

पोटात दुखणाऱ्या माणसाला दुखण्याची दिशा सांगायला फारसे शब्द लागत नाहीत. "आधी बेंबीपाशी होतं, आता इथं येऊन बसलंय," असं म्हणून तो खाली उजव्या अंगाला एक बोट टेकवतो आणि विषय संपतो. त्या बोटाखाली बहुधा अपेंडिक्स असतं. न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ साली हीच जागा शास्त्रात नोंदवली: कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीच्या रोखाने दीड ते दोन इंचांवर, आणि तीही एका बोटाने दाबून शोधायची. म्हणजे रुग्णाचं बोट आणि मॅकबर्नींचं बोट एकाच ठिकाणी टेकलं. इथवर सगळं ठीक आहे. मग डॉक्टर पेनाचं टोपण काढतात आणि केसपेपरवर लिहितात 'आरआयएफ', म्हणजे राइट इलियाक फॉसा. कमरेच्या हाडाच्या त्या टोकाचा झाला 'एएसआयएस'. याच दुखऱ्या जागेला अमेरिकेत 'आरएलक्यू' म्हणतात, कारण आपल्याकडे ब्रिटिश वळणाने पोटाचे नऊ भाग पाडायची रीत आणि तिकडे चारच वाटण्यांवर भागवतात. मिरजेत शिकून शिकागोत गेलेल्या डॉक्टरला पोट तेच मिळतं, पत्ता मात्र नव्याने पाठ करावा लागतो. डॉक्टरांच्या अशा अक्षरगुंत्याला हसायला अक्कल लागत नाही; वर्षानुवर्षं सगळे हसतच आलेत. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. रोगांचे, तपासण्यांचे, औषधांच्या वेळांचे संक्षेप एक वेळ खपून जातात. दिशेचा संक्षेप खपत नाही, आणि त्याचं कारण डॉक्टरांच्या अक्षरात नसून दिशेच्या स्वभावात आहे.

यकृत ही वस्तू आहे. कुठूनही पाहिलं तरी ते यकृतच. 'डावीकडे' ही वस्तू नव्हे. तिला मालक लागतो. कुणाच्या डावीकडे, हे सांगितल्याशिवाय तिला अर्थच नाही. शरीररचनाशास्त्राने हा घोळ ओळखून एक माणूस कायमचा उभा करून ठेवला आहे. ताठ, तोंड समोर, पावलं जवळ, हात बाजूला सोडलेले आणि तळवे पुढे. असं आपण होऊन कुणी उभं राहत नाही. झडतीच्या वेळी हातात काही नाही हे दाखवताना राहावं लागत असेल तेवढंच. पण सगळ्या दिशा याच माणसाच्या. डावं ते त्याचं डावं, पुढचं ते त्याच्या पोटाकडचं, वरचं ते त्याच्या डोक्याकडचं. खरा रुग्ण असा कधी सापडत नाही. तो खाटेवर कुशीला वळून, गुडघे पोटाशी घेऊन पडलेला असतो. उताणा झालाच तर त्याचं 'सुपीरियर' छताकडे नसून उशीकडे असतं आणि छताकडे असतं ते 'अँटीरियर'. समोर उभ्या डॉक्टरचा उजवा हात रुग्णाच्या डाव्या बाजूला. म्हणजे प्रत्येक दिशा वाचताना मनात दोन कसरती करायच्या: आधी झोपलेल्याला उभा करायचा, मग आपण त्याच्या कातडीत शिरायचं. 'पेशंटच्या डाव्या बाजूला' एवढं लिहिलेलं असलं तरी ही कसरत निम्मी होते. संक्षेप कात्री चालवतो ती नेमकी 'पेशंटच्या' या शब्दावर.

मालकाचं राहू द्या, ते शिकून घेता येतं. खरी गोम पुढे आहे. साधा शब्द चुकला तर चूक दिसते. चिठ्ठीवर मधुमेहाऐवजी 'मधुमोह' लिहिलं तर मेडिकलवाला हसेल, पण गोळ्या मधुमेहाच्याच देईल. दिशेचं तसं नाही. 'एल'च्या जागी 'आर' पडला तर तयार होणारं वाक्य आधीच्याइतकंच शुद्ध, अर्थपूर्ण आणि शास्त्रीय असतं. कारण शरीराने आपल्याला बरंचसं सामान जोडीने दिलंय. डाव्या गुडघ्याऐवजी उजवा म्हटलं तर उजवा गुडघाही तिथं हजर असतो, आणि पन्नाशीनंतर तोही थोडाफार दुखतच असतो. पुढच्याला मागचा असतो, आतल्याला बाहेरचा, वरच्याला खालचा. चुकीची दिशा पकडली जात नाही, कारण ती कुठेही नेलं तरी एखाद्या खऱ्याच अवयवापाशी नेऊन पोचवते. बोलण्यात आपण या धोक्याची सोय केलेली आहे. डावा आणि उजवा या शब्दांत शेवटच्या 'वा'खेरीज काही सारखं नाही. ओपीडीच्या गलक्यात अर्धवट ऐकलं तरी एकाचा दुसरा होत नाही. संक्षेप हे चिलखत उतरवून ठेवतो आणि एका अक्षरावर सगळा भार टाकतो.

याचा सर्वांत सुबक नमुना छातीच्या फोटोवर मिळतो. (एक्स-रेला फोटो म्हणणं मराठीने अजून सोडलेलं नाही, आणि सोडूही नये.) 'पीए' म्हणजे किरण पाठीकडून शिरून छातीकडून बाहेर पडले; 'एपी' म्हणजे त्याच्या उलट. अक्षरं तीच दोन, क्रम तेवढा बदललेला. चालता-फिरता रुग्ण छाती प्लेटला चिकटवून, खांदे पुढे काढून, श्वास रोखून उभा राहतो आणि एक्स-रेची नळी त्याच्या मागे सहा फुटांवर असते, हा पीए. ज्याला उठवत नाही त्याच्या खाटेपाशी पोर्टेबल मशीन ढकलत आणतात, मामा आणि सिस्टर मिळून प्लेट पाठीखाली सरकवतात आणि जेमतेम तीन-साडेतीन फुटांवरून फोटो निघतो, हा एपी. हृदय छातीत पुढच्या बाजूला असतं. पीएमध्ये ते प्लेटच्या जवळ येतं, म्हणून सावली जवळपास खऱ्या मापाची पडते. एपीमध्ये ते प्लेटपासून लांब आणि नळी मात्र जवळ, म्हणून सावली फुगते. हृदयाची रुंदी छातीच्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त भरली तर हृदय मोठं झालं असं धरायचं, हा आडाखा पीए फोटोचा आहे. कोपऱ्यातली दोन अक्षरं उलटी वाचली गेली की धडधाकट हृदय कागदावर मोठं होतं. मराठीत मोठ्या मनाचा असणं हा सद्गुण असल्यामुळे नातेवाइकांना पहिल्यांदा बरंच वाटतं. इको लिहून दिल्यावर आणि त्याची पावती फाडल्यावर अर्थ लागतो. बरं, पीएची कामं इथंच संपत नाहीत. हृदयातून फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी, पल्मनरी आर्टरी, तीही पीए. आपल्याकडच्या केसपेपरवर मध्ये तिरकी रेघ मारून 'पी/ए' लिहिलं की ती पोटाची तपासणी, 'पी/ए सॉफ्ट' म्हणजे पोट मऊ आहे, घाबरू नका. आणि मंत्रालयात पीए म्हणजे ज्याच्यावाचून साहेबांपर्यंत कागद पोचत नाही तो. एक्स-रेचा पीए आणि मंत्रालयातला पीए यांत साम्य एवढंच, की मागच्या दाराने शिरून पुढे निघण्याची वाट दोघांना ठाऊक असते.

डोळ्या-कानांचा मामला याहून नाजूक. चष्म्याच्या नंबराच्या कागदावर उजव्या डोळ्याला 'ओडी', डाव्याला 'ओएस' आणि दोन्हींना 'ओयू' लिहायची जुनी लॅटिन रीत आहे. कानांसाठी तशीच 'एडी', 'एएस', 'एयू' ही त्रयी. घाईत लिहिलेल्या लहान रोमन 'ए'ची शेपटी राहिली की त्याचा 'ओ' होतो आणि कानाचं औषध डोळ्यात जातं. उलटं झालं, डोळ्याचे थेंब कानात पडले, तर फार तर पैसे वाया जातात. कानाचे थेंब डोळ्यात गेले तर माणूस दुकानदाराला शोधत येतो. अमेरिकेतल्या 'इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस' या संस्थेने घात करू शकणाऱ्या संक्षेपांची यादी ठेवली आहे, त्यात ही सहाही मंडळी आहेत. आपल्याकडे त्यात आणखी भर, कारण 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा हे घरोघरी पाठ आहे. उजव्या डोळ्यात दिवसातून एकदा, हे शास्त्रशुद्ध संक्षेपात लिहायचं तर 'ओडी ओडी' असं लिहावं लागेल, आणि वाचणाऱ्याला डॉक्टर अडखळले असंच वाटेल. गंमत अशी की याच चिठ्ठीवर शेजारी '१-०-१' असतं आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक. अक्षरओळख नसलेल्या आजीबाईसुद्धा ते बरोबर पाळतात. हा संक्षेप एवढा आखूड असून चालतो कसा? तो दिवसाच्या क्रमाने लिहिलेला आहे, आणि दिवस कुणासाठीच रात्रीकडून सकाळकडे चालत नाही. उलटा वाचला तरी गोळ्या तेवढ्याच पडतात. माझा राग आखूडपणावर नाही, हे यावरून ध्यानात यावं.

यावर डॉक्टरमंडळींचा पहिला आणि सर्वांत जोरकस आक्षेप असतो: संदर्भाने कळतं हो. हाडाच्या डॉक्टरने लिहिलेलं हाडाचं, डोळ्याच्या डॉक्टरने लिहिलेलं डोळ्याचं. हे बरंचसं खरं आहे, म्हणूनच तर रुग्णालयं रोज संध्याकाळपर्यंत चालतात. पण संदर्भ जिथे उपयोगी पडत नाही अशा जागा शोधायला लांब जावं लागत नाही. 'पीडीए' घ्या. पोस्टीरियर डिसेंडिंग आर्टरी, म्हणजे हृदयाच्या मागच्या अंगाने उतरणारी रोहिणी, हा एक पीडीए. जन्मानंतर मिटायला हवी ती नळी उघडी राहते तो पेटंट डक्टस आर्टिरिओसस, हा दुसरा. दोन्ही हृदयाच्याच खात्यातले. 'आरओपी' तर त्याहून वस्ताद. पोटातल्या बाळाच्या डोक्याचा मागचा भाग आईच्या उजवीकडे आणि पाठीकडे असला की ती स्थिती आरओपी. इथे डोकं बाळाचं आणि उजवी बाजू आईची, हेही त्या तीन अक्षरांतूनच ओळखायचं. तेच बाळ फार लवकर जन्माला आलं तर त्याच्या डोळ्यांचा पडदा तपासतात, कारण अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणारा पडद्याचा आजारही आरओपी. एकच बाळ, काही आठवड्यांचं अंतर, तीच तीन अक्षरं. 'एलएलएल' म्हणजे डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग, आणि डोळ्याच्या खात्यात डावी खालची पापणी. 'आरयूएल'मध्ये उजवी वरची पापणी, उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग आणि उजवा हात असे तिघे एकत्र नांदतात.

शिवाय संदर्भ लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतो, कागदावर नसतो, आणि कागद जागचा हलतो. हृदयरोगतज्ज्ञाने सकाळी लिहिलेलं रात्री ड्युटीवरचा हाउसमन वाचतो. त्यानंतर तो कागद फिजिओथेरपिस्टकडे, कॅशलेसच्या खिडकीमागे बसलेल्या विमा कंपनीच्या माणसाकडे, आणि डिस्चार्ज कार्डाच्या रूपाने घरच्या कपाटात जातो. चार वर्षांनी सेकंड ओपिनियनसाठी दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरपुढे उलगडला जातो तेव्हा कार्ड असतं, संदर्भ केव्हाच निवृत्त झालेला असतो.

दुसरा आक्षेप विद्वानांचा. लॅटिन सगळ्यांनाच सारखी परकी, म्हणून भांडण नाही. शरीराच्या दिशा तिच्यात एकदाच पक्क्या ठरल्या आहेत, मग आद्याक्षरं घेतली तर बिघडलं कुठे? पक्क्या ठरल्या हे ऐकायला छान वाटतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला शरीराच्या भागांना सुमारे ५० हजार नावं प्रचारात होती. १८९५ साली जर्मन शरीरशास्त्रज्ञांनी बाझेलला त्यातली पाच हजारांवर नावं ठेवली आणि बाकीची निकालात काढली. त्यात माणूस उभा होता: पुढचं, मागचं, वरचं, खालचं. १९३५ साली येना इथल्या यादीने ठरवलं की माणूसही शेवटी प्राणीच, तेव्हा दिशा चतुष्पादांनाही लागू पडतील अशा हव्यात. मग वरचं ते डोक्याकडचं झालं, खालचं ते शेपटीकडचं, पुढचं ते पोटाकडचं, मागचं ते पाठीकडचं. माणसाला शेपटी नाही ही अडचण गौण ठरली. १९५५ साली पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय यादी मंजूर झाली आणि जुने शब्द परत आले. म्हणजे १८९५ ते १९५५ या ६० वर्षांत शास्त्राच्या दरबारी माणूस उभा राहिला, रांगला आणि पुन्हा उभा राहिला. १९९८ साली त्या यादीची नवी आवृत्ती आली तेव्हाही तो उभाच होता, पण रांगत्या काळातले शब्द गेले नाहीत. कमरेखालच्या भुलीचं 'कॉडल' इंजेक्शन आजही नसलेल्या शेपटीच्या दिशेने दिलं जातं. मज्जारज्जूत 'डॉर्सल' म्हणजे पाठीकडचं आणि मेंदूत तेच 'डॉर्सल' म्हणजे टाळूकडचं, कारण दोन पायांवर उभं राहताना मेंदूचा आस पुढे वाकला. पावलाची डॉर्सल बाजू वर, आकाशाकडे. तेव्हा 'डी' एवढंच लिहिणाऱ्याने निदान आपण शरीराच्या कुठल्या मजल्यावर उभे आहोत ते सांगावं. पूर्ण नावांवर एवढ्या बैठका झाल्या. संक्षेपांवर तशी एखादी जगन्मान्य बैठक बसल्याचं ऐकिवात नाही. ते वॉर्डात जन्मतात आणि वॉर्डातच वाढतात.

दातांकडे पाहिलं तर जगन्मान्य बैठकीवरचाही विश्वास उडतो. दंतवैद्यांनी अक्षरांना कंटाळून दिशेसाठी आकडे घेतले. आंतरराष्ट्रीय पद्धतीत तोंडाचे चार भाग; पहिला आकडा भागाचा, दुसरा मधल्या रेषेपासून कितवा दात त्याचा. आपल्याकडचे बहुतेक दवाखाने ही पद्धत ओळखतात. अमेरिकेत मात्र एक ते बत्तीस असे ओळीने मोजतात. परिणामी आपला १८ नंबर म्हणजे वरची उजवी अक्कलदाढ आणि अमेरिकेचा १८ म्हणजे खालच्या डाव्या बाजूची, अक्कलदाढेच्या शेजारची, चांगली कामाची दाढ. आपला ११ समोरचा दात, त्यांचा ११ डावा सुळा. न्यू जर्सीतून सुट्टीवर आलेली माणसं दातांची कामं पुण्यात उरकून घेतात, कारण तिकडच्या बिलात इकडचं तिकीट निघतं. तिकडच्या डॉक्टरने चिठ्ठीवर नुसतं '१८ काढा' लिहून दिलेलं असेल, तर पुण्यात १८ नंबर सापडणार नाही असं होणार नाही. सापडेल. तीच तर पंचाईत आहे.

तिसरा आक्षेप वेळेचा, आणि त्याच्यापुढे मी थोडा नमतो. सिव्हिलच्या ओपीडीत दारापर्यंत रांग असते, एकेका केसपेपरला दोन-तीन मिनिटं मिळतात, त्यात लांबलचक शब्द लिहा म्हणणं हे आरामखुर्चीतून सांगणं झालं. मान्य. पण इंग्रजीत 'राइट' लिहायला पाच अक्षरं लागतात आणि 'लेफ्ट' लिहायला चार. बहुतेक डॉक्टरांची सही याहून लांब असते. लिहिणारा एकदा लिहितो, वाचणारे आठ-दहा जण असतात; एकाचे दोन सेकंद वाचवून बाकीच्यांना मागाहून फोन करायला लावणं हा काटकसरीचा कुठला प्रकार? काहींचं म्हणणं असतं की संक्षेपामागे सौजन्य असतं, रुग्णाला वाचून धक्का बसू नये. कर्करोगाच्या बाबतीत हे समजू शकतो, जरी 'सीए' म्हणजे काय हे आता वॉर्डातल्या मावशींनाही कळतं. पण उजवा गुडघा ही बातमी त्या गुडघ्याच्या मालकापासून लपवून काय साधणार? ती त्यानेच आणलेली असते.

सगळेच संक्षेप मोडीत काढा असंही मी म्हणत नाही. काही इतके रुळले आहेत की ती आता नावंच झालीत. हृदयातलं 'एलएडी' हे त्यांतलं सर्वांत कीर्तिवंत. लेफ्ट अँटीरियर डिसेंडिंग: डावी, पुढची, उतरती, आणि इथं वाक्य संपतं. उतरती काय, ते सांगायला अक्षरच उरलेलं नाही, कारण त्यातला 'ए' अँटीरियरचा आहे. 'आरसीए'मधला 'ए' आर्टरीचा आणि 'पीडीए'मधलाही आर्टरीचाच. तरीही 'एलएडी नव्वद टक्के' हे वाक्य आज लग्नाच्या पंगतीत जिलेबी नाकारताना ऐकू येतं, आणि ऐकणारे कळून मान हलवतात. गुडघ्यातला 'एसीएल'ही तसाच. कबड्डीपटूचा एसीएल गेला म्हटलं की गावच्या तालमीत त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. अशा शब्दांत दिशा गोठून गेली आहे, ती कुणी दिशा म्हणून वाचत नाही. त्यांना सुखाने राहू द्यावं. पण नाव झालं म्हणून पूर्ण निश्चिंत होऊ नये. त्याच हृदयाच्या ईसीजीवर 'एलएडी' म्हणजे हृदयाच्या विद्युतप्रवाहाचा आस डावीकडे कललेला, लेफ्ट अ‍ॅक्सिस डेव्हिएशन. आणि एसीएल गेला हे कळलं तरी कुठल्या पायाचा, हा प्रश्न राहतोच. तिथं पुन्हा 'एल' किंवा 'आर' येतं, आणि ते मात्र गोठलेलं नसतं.

राहता राहिला आधुनिकांचा आक्षेप: हे सगळं हस्ताक्षराच्या जमान्यातलं, आता संगणक आहे. संगणकाने अक्षर सुधारलं हे खरं. पण दिशा त्यालाही कुणीतरी सांगावीच लागते. पूर्वी एक्स-रेचा टेक्निशियन शिशाचं 'आर' किंवा 'एल' हे अक्षर प्लेटवर प्रत्यक्ष ठेवायचा, ते फोटोबरोबर छापलं जायचं. आता बऱ्याच ठिकाणी ते मागाहून माउसने चिकटवता येतं, म्हणजे चुकीच्या बाजूला चिकटवणंही तेवढंच सोपं झालं. सीटीचा काप पडद्यावर रुग्णाच्या पायाशी उभं राहून वर पाहिल्यासारखा दाखवतात, म्हणून त्याचं उजवं आपल्या डावीकडे येतं. मेंदूवर संशोधन करणाऱ्या काहींना हे रुचत नाही. ते डोक्याच्या बाजूने पाहतात आणि उजवं उजवीकडेच ठेवतात. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तर एकमेकांचं आरशातलं प्रतिबिंब, आणि मेंदू बाहेरून दोन्ही बाजूंना इतका सारखा की चित्राकडे बघून सांगण्याची सोय नाही. ही चित्रं साठवायच्या पद्धतीही दोन. रुग्णालयातल्या डायकॉम पद्धतीत अंक वाढतात ते डावीकडे, पाठीकडे आणि डोक्याकडे. संशोधकांच्या निफ्टी पद्धतीत उजवीकडे, पोटाकडे आणि डोक्याकडे. एकीचं नाव 'एलपीएस', दुसरीचं 'आरएएस'. निदान डोकं वर असतं एवढ्यावर दोघींचं एकमत झालं, हेही नसे थोडके.

या सगळ्याचा कस लागतो तो ऑपरेशनच्या टेबलावर. १९९५ साली फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात एका मधुमेही रुग्णाचा भलताच पाय कापला गेला. ऑपरेशनच्या यादीत चुकीचा पाय लिहिला गेला होता आणि दुसरा पायही आजारीच असल्यामुळे नुसतं बघून शंका येण्यासारखं काही नव्हतं. ही चूक संक्षेपाची नव्हती, यादीची होती, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण चुकीची दिशा किती बिनबोभाट पुढे सरकते, एवढं ती दाखवते. पूर्ण शब्दाची ही कथा, तर एकट्या अक्षराने काय करावं? १९९८ साली अमेरिकेतल्या अस्थिशल्यतज्ज्ञांच्या संघटनेने यावर एक उपाय काढला. महागडं यंत्र नाही, नवं औषध नाही. सर्जनने पेन घ्यायचं आणि जिथं कापायचं तिथं, रुग्णाच्या कातडीवर, स्वतःच्या नावाची आद्याक्षरं लिहायची. २००४ साली तिथल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने अशी खूण बंधनकारक केली, आणि २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची यादी आली. तिच्यात भूल देण्याआधीच जागा, बाजू आणि खूण यांची विचारणा आहे. म्हणजे एवढ्या लॅटिननंतर शास्त्र शेवटी तिथंच आलं, जिथं पोटदुखीवाल्याचं बोट आधीपासून टेकलेलं होतं.

पण संक्षेप इतक्या सहजी पिच्छा सोडत नाही. खूण म्हणून फुली चालेल का, हा प्रश्न निघाला. फुलीपेक्षा छोटं काय असणार? तर जॉइंट कमिशनने बजावलं की फुली संदिग्ध आहे. कुणाला ती 'इथं कापा' वाटेल, कुणाला 'इथं कापू नका'. आद्याक्षरं बरी, पण ज्या सर्जनचं नाव 'एन'ने आणि आडनाव 'ओ'ने सुरू होतं त्याने काय करावं हे कुणी सांगितलेलं नाही. बिचारा प्रत्येक योग्य गुडघ्यावर 'नो' लिहीत असेल. काही सावध रुग्ण आदल्या रात्री स्केचपेनने आपल्या चांगल्या पायावर 'हा नव्हे' असं लिहून येतात. शब्द पूर्ण, अर्थ स्पष्ट, मराठी शुद्ध. नियम मात्र सांगतो की जिथं ऑपरेशन करायचं नाही तिथं कसलीच खूण करू नये, आणि नियम बरोबर आहे. ऑपरेशनच्या आधी अंगावर हिरवी चादर घालतात. ती दोन बोटं सरकली आणि 'नव्हे' झाकला गेला, तर उघडं राहतं ते 'हा'.